डेक बोट

डेक बोट ही तळी, धरणांचे जलाशय, रुंद नद्या आणि आडोशाच्या खाड्या अशा तुलनेने शांत पाण्यात सहल, पोहणे, मासेमारी व जलक्रीडा यांसाठी वापरली जाणारी यांत्रिक नौका आहे. नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, जवळजवळ पूर्ण रुंदीने नेलेला मोकळा डेक हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय. हा प्रकार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला आणि तेथेच त्याचा सर्वाधिक प्रसार आहे. डेक बोटीची लांबी साधारणतः १८ ते २६ फूट, म्हणजे सुमारे ५.५ ते ८ मीटर असते. ती बहुधा काचतंतू व राळ यांच्या संमिश्रापासून बनवतात. तिला आउटबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह प्रकारचे पेट्रोल इंजिन बसवलेले असते.

डेक बोटीत प्रवाशांसाठी मिळवलेली जागा हलच्या, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या मुख्य कवचाच्या, आकारात तडजोड करून मिळालेली असते. त्यामुळे रिकाम्या नौकेने सपाट पाण्यावर गाठलेला वेग किंवा आसनांची संख्या यांवरून तिची योग्यता ठरवता येत नाही. पूर्ण भारासह व लाटांमध्ये नौका कशी वागते आणि डेकखाली झाकलेले भाग कसे बांधले आहेत, हे तिच्या मूल्यमापनातील निर्णायक मुद्दे मानले जातात.

पार्श्वभूमी

डेक बोटीच्या रचनेत पूर्वीच्या दोन परंपरांचा मेळ दिसतो. पहिली परंपरा पँटून नौकेची होय. मिनेसोटा राज्यातील रिचमंड येथील शेतकरी अँब्रोज वीरस यांनी १९५२ मध्ये पोलादी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी तक्तपोशी बसवून अशी नौका तयार केली. प्रशस्त आणि स्थिर असल्याने ती तलावांवर लोकप्रिय झाली. मात्र सुरुवातीच्या पँटून नौका संथ होत्या.

दुसरी परंपरा वेगवान काचतंतू नौकांची आहे. १९५८ मध्ये बाजारात आलेल्या १३ फुटी बोस्टन व्हेलर नौकेची नाळ रुंद व बोथट होती आणि तिचा तळ एकाच टोकदार कण्याऐवजी अनेक उंचवट्यांचा होता. या नौकेच्या आरेखनात सहभागी असलेले रेमंड हंट यांनीच खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा तळही विकसित केला. १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत ‘मॉपी’ या नौकेने मिळवलेल्या विजयामुळे खवळलेल्या पाण्यातील त्या तळाची उपयुक्तता सर्वांसमोर आली.

पँटून नौकेची ऐसपैस बैठक आणि ‘व्ही’ तळाचा वेग यांची सांगड घालण्याच्या प्रयत्नातून डेक बोट आकाराला आली. इंडियाना राज्यातील एल्कार्ट येथील गॉडफ्री कंपनीची ‘हरिकेन’ मालिका या प्रकारातील परिचित नावांपैकी एक आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत विशेष परवान्याविना रस्त्यावरून नेता येणाऱ्या भाराची कमाल रुंदी ८ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे २.६ मीटर आहे. ट्रेलरवरून वाहून न्यायच्या नौकेला ही मर्यादा ओलांडता येत नसल्याने डेक बोटींची रुंदी सहसा याच आकड्याच्या आसपास थांबते. अधिक जागा हवी असल्यास रुंदी वाढवण्याऐवजी ती नाळेकडे नेणे एवढाच मार्ग उरतो.

हलचा आकार

मंद गतीत नौका पाणी बाजूला सारत चालते. या अवस्थेतील तिचा वेग तिच्या जलरेषेच्या लांबीने मर्यादित होतो. २० फूट जलरेषेच्या नौकेसाठी ही मर्यादा सुमारे ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर येते. त्यापुढे जाण्यासाठी नौकेला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर सरकावे लागते. या अवस्थेला प्लेनिंग म्हणतात.

प्लेनिंग करणाऱ्या तळाचे वर्तन मुख्यतः डेडराइज या कोनावर अवलंबून असते. तळाची बाजू मध्यरेषेपासून कडेकडे जाताना आडव्या पातळीशी जो कोन करते तो हा कोन होय. खोल ‘व्ही’ तळात नौकेच्या मागील टोकाशी तो २० ते २४ अंश असतो. असा तळ लाटा कापतो, परंतु उभा असताना अधिक डोलतो आणि प्लेनिंगसाठी अधिक शक्ती घेतो. सपाट तळ थोड्या शक्तीत वर येतो व स्थिर राहतो, पण लाटांवर आदळतो. डेक बोटीत या दोहोंमधला कोन निवडलेला असतो.

मागील टोकाशी मोजलेला कोन मात्र पुरेसा नसतो. लाट प्रथम नाळेला भिडते आणि डेक बोटीची नाळ रुंद असल्याने तिचा पाण्यातील प्रवेश बोथट असतो. म्हणूनच दोन नौकांचा मागील कोन समान असला तरी पुढील तृतीयांश भागाच्या आकारानुसार त्यांच्या चालीत मोठा फरक पडतो. तळाच्या कडेची धार, म्हणजे चाइन, पुढे किती खाली आणली आहे आणि ती तुषार बाहेर व खाली वळवते का, यावर प्रवासी कोरडे राहतात की भिजतात हे ठरते.

बांधणीची गुणवत्ता

थर आणि राळ

काचतंतू नौका साच्यात बाहेरून आत अशा क्रमाने घडते. सर्वांत बाहेर जेलकोट हा रंगीत राळेचा थर असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. त्यामागे काचतंतूंची चटई व विणलेली कापडे राळेत भिजवून बसवतात. पॉलिएस्टर राळ स्वस्त असून सर्वाधिक वापरात आहे. तिच्यातून पाण्याचे रेणू हळूहळू झिरपून आतील विद्राव्य द्रव्यांशी संयोग पावल्यास तळावर फोड येतात. हे टाळण्यासाठी अनेक निर्माते जेलकोटमागील पहिल्या थरात पाण्याला अधिक रोध करणारी व्हिनिल एस्टर राळ वापरतात. सतत पाण्यात उभ्या राहणाऱ्या नौकेसाठी हा थर महत्त्वाचा आहे; दरवेळी ट्रेलरवर काढून ठेवल्या जाणाऱ्या नौकेला फोडांचा धोका कमी असतो.

संमिश्राला ताणबळ प्रामुख्याने काचतंतूंमुळे येते. गरजेपेक्षा जास्त राळ वजन व ठिसूळपणा वाढवते. हाताने केलेल्या थरबांधणीत काचेचे प्रमाण वजनाने साधारण ३० ते ४० टक्के असते. निर्वाताच्या साहाय्याने राळ ओढून घेण्याच्या पद्धतीत ते ६० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. फवाऱ्याने तुटक तंतू मारण्याची पद्धत जलद असली, तरी जाडी एकसारखी राखणे कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून राहते.

गाभा

वजन न वाढवता ताठरपणा आणण्यासाठी डेकमध्ये व काही वेळा हलच्या बाजूंमध्ये दोन थरांदरम्यान बाल्सा लाकूड किंवा पीव्हीसी फेस यांचा गाभा घालतात. गाभ्याची रचना निकोप असेपर्यंत ती भक्कम असते. रेलिंग, खुंट्या किंवा आसने बसवताना पाडलेली छिद्रे नीट मुद्रित केलेली नसल्यास पाणी गाभ्यात शिरते. बाल्सा कुजतो आणि थर सुटतात. डेक बोटीत डेकचे क्षेत्रफळ व त्यावरील जोडण्या दोन्ही जास्त असल्याने हा दोष तिच्या बाबतीत विशेष दखलपात्र ठरतो. दर्जेदार बांधणीत जोडणीच्या जागी गाभा काढून भरीव थर दिलेला असतो.

स्ट्रिंगर आणि ट्रान्सम

तळाला आतून आधार देणाऱ्या लांब तुळयांना स्ट्रिंगर म्हणतात. ते काचतंतूने मढवलेल्या प्लायवुडचे असतात किंवा स्वतंत्र साच्यात बनवलेल्या संमिश्र जाळीच्या रूपात तळाशी चिकटवलेले असतात. ट्रान्सम म्हणजे नौकेची मागील उभी भिंत. २०० अश्वशक्तीच्या आउटबोर्ड इंजिनाचे वजन २०० किलोग्रॅमहून अधिक असते. हे वजन आणि इंजिनाचा संपूर्ण रेटा ट्रान्समवर येतो.

‘लाकूडविरहित बांधणी’ हा जाहिरातींतील नेहमीचा दावा आहे. संमिश्र साहित्य कुजत नाही हे खरे. परंतु सांधे नीट चिकटले नसतील तर लाकूड नसलेली जाळीही तळापासून सुटू शकते. याउलट सर्व बाजूंनी व्यवस्थित मढवलेले सागरी दर्जाचे प्लायवुड दीर्घकाळ टिकते. साहित्याच्या नावापेक्षा सांध्यांची रुंदी, कडांचे मुद्रण आणि पाण्याचा निचरा यांना अधिक महत्त्व असते.

हल व डेक यांचा सांधा

हल व डेक स्वतंत्र साच्यांत बनवून नंतर एकमेकांवर बसवतात. बहुधा बुटाच्या खोक्याच्या झाकणाप्रमाणे डेकची कड हलवर उतरते. केवळ स्क्रूंनी केलेला सांधा सततच्या हादऱ्यांनी सैल होतो. चिकटद्रव्य आणि आरपार बोल्ट यांचा एकत्र वापर अधिक विश्वासार्ह मानतात. सांधा रबरी पट्टीखाली झाकलेला असल्याने तो आतून, नांगराच्या कप्प्यात किंवा साठवणीच्या कप्प्यांत, पाहावा लागतो.

विद्युत, इंधन आणि जोडसाहित्य

नौकेतील विजेच्या तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या व बहुपदरी असाव्यात असा संकेत आहे. भरीव तार हादऱ्यांनी तुटते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही १९५४ पासून कार्यरत असलेली संस्था या क्षेत्रातील ऐच्छिक मानके ठरवते. तिच्या मानकानुसार तारांना साधारण दर ४५ सेंटिमीटरवर आधार हवा. पेट्रोल इंजिन बंदिस्त कप्प्यात असल्यास वाफा बाहेर काढणारा पंखा आवश्यक असतो आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी तो ४ मिनिटे चालवण्याची सूचना दिलेली असते. अशा कप्प्यातील इंधननळी आगीत अडीच मिनिटे टिकावी, अशी अमेरिकेतील नियमांची अपेक्षा आहे. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीपेक्षा अधिक गंजरोधक असते.

तपासणीच्या पद्धती

वापरलेल्या नौकेची तपासणी शक्यतो ती पाण्याबाहेर असताना करतात. लहान हातोडीने ठोकल्यावर निकोप भाग टणक आवाज देतो, तर थर सुटलेला भाग बद्द वाजतो. आर्द्रतामापकाने गाभ्यातील ओलाव्याचा अंदाज येतो. नुकत्याच पाण्यातून काढलेल्या नौकेवर मात्र हे वाचन फसवे असू शकते. आउटबोर्ड इंजिन वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने वर-खाली हलवल्यास ट्रान्सम लवतो का हे दिसते.

जेलकोटवरील सर्व भेगा सारख्या नसतात. आतील कोपऱ्यांतील कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा अनेकदा जाड जेलकोटमुळे पडतात व केवळ पृष्ठभागापुरत्या असतात. स्ट्रिंगरच्या रेषेला समांतर जाणाऱ्या किंवा ट्रान्समच्या कोपऱ्यांतून पसरणाऱ्या भेगा मात्र आतील रचना लवत असल्याचे चिन्ह असू शकतात.

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या नौकांवर हल ओळख क्रमांक बंधनकारक आहे. १२ चिन्हांच्या या क्रमांकातील पहिली ३ निर्मात्याची असतात. १९८४ पासूनच्या रचनेत पुढील ५ चिन्हे अनुक्रमांकाची आणि शेवटची ४ बांधणीचा महिना, वर्ष व मॉडेलवर्ष दर्शवणारी आहेत. विक्रेत्याने सांगितलेले वर्ष त्यावरून पडताळता येते.

कामगिरी

भार आणि वेग

माहितीपत्रकातील ‘कोरडे वजन’ इंधन, प्रवासी व सामान वगळून दिलेले असते. आउटबोर्ड नौकांच्या बाबतीत त्यात अनेकदा इंजिनही धरलेले नसते. केवळ १९० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १४० किलोग्रॅम भरते.

भाराचा वेगावर होणारा परिणाम जॉर्ज क्राउच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने अजमावता येतो. पौंडांतील वजनाला अश्वशक्तीने भागून त्याचे वर्गमूळ काढतात आणि हलच्या प्रकारानुसार ठरणाऱ्या स्थिरांकाला त्याने भागतात. उत्तर ताशी मैलांत मिळते. इंजिन व इंधनासह ४,५०० पौंड वजनाची, २०० अश्वशक्तीची नौका घेतली आणि स्थिरांक १८० धरला, तर कमाल वेग ताशी सुमारे ३८ मैल किंवा ६१ किलोमीटर येतो. प्रत्येकी ७५ किलोग्रॅमचे ८ प्रवासी बसल्यावर तो सुमारे ३३ मैल किंवा ५४ किलोमीटरवर उतरतो. कमाल वेगातील ही घट एक वेळ दुर्लक्षणीय ठरते. परंतु इंजिन लहान असल्यास तेवढ्याच भारामुळे नौका प्लेनिंगपर्यंत पोहोचायला फार वेळ घेते किंवा पोहोचतच नाही.

चाचणी

चाचणीत जीपीएसने दोन विरुद्ध दिशांना वेग मोजून सरासरी काढतात, म्हणजे वारा व प्रवाह यांचा परिणाम वगळला जातो. इंजिनाच्या फेऱ्या ५००-५०० ने वाढवत प्रत्येक टप्प्याला वेग, इंधनखप व आवाज नोंदवतात. प्लेनिंगला लागणारा वेळ, त्या दरम्यान नाळ किती उचलली जाते व चालकाची दृष्टी किती काळ अडते, आणि कोणत्या किमान वेगाला नौका प्लेनिंग टिकवते या नोंदी कमाल वेगापेक्षा अधिक उपयोगी असतात. हे किमान मूल्य कमी असेल तर लाटांमध्ये वेग कमी करूनही नौका पृष्ठभागावर राहू शकते.

पूर्ण भारासह व पूर्ण थ्रॉटलवर इंजिन निर्मात्याने सांगितलेल्या फेऱ्यांच्या पट्ट्यात पोहोचले पाहिजे. न पोहोचल्यास प्रोपेलरचा पिच जास्त आहे असे समजतात. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर सैद्धांतिकदृष्ट्या जितका पुढे जाईल ते अंतर. त्यात १ इंच बदल केल्यास इंजिनाच्या फेऱ्या साधारण १५० ते २०० ने बदलतात. १७ इंच पिचचा प्रोपेलर मिनिटाला २,९०० वेळा फिरत असेल तर सैद्धांतिक वेग ताशी ७५ किलोमीटर येतो. प्रत्यक्ष वेग ६५ किलोमीटर असल्यास घसरण सुमारे १३ टक्के ठरते.

याशिवाय तीव्र वळणात प्रोपेलर हवा ओढून पकड सोडतो का, विशिष्ट वेगाला नाळ लयीत वर-खाली उसळते का, आणि डेकचे भाग करकरतात का हे पाहिले जाते. उंच बाजू व उथळ बुड यांमुळे डेक बोट वाऱ्याने सरकते. त्यामुळे मंद गतीत धक्क्याला लावण्याची चाचणीही आवश्यक असते.

इंधनखप

चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर अश्वशक्तीच्या सुमारे एक-दशांश इतके गॅलन दर तासाला घेते, असा ढोबळ ठोकताळा आहे. त्यानुसार २०० अश्वशक्तीचे इंजिन ताशी सुमारे ७५ लिटर पेट्रोल वापरते. मध्यम वेगाच्या प्रवासात खप बराच कमी असतो. शक्तीला अपुरे पडणारे इंजिन सतत पूर्ण थ्रॉटलवर चालवावे लागल्याने लहान इंजिन नेहमीच किफायतशीर ठरत नाही.

भारक्षमता आणि तरणक्षमता

अमेरिकेतील संघीय नियमांनुसार २० फुटांपेक्षा लहान, एकाच हलच्या यांत्रिक नौकांवर क्षमतापट्टी असणे बंधनकारक आहे. तीवर प्रवाशांची संख्या, एकूण वजन आणि आउटबोर्ड नौकेसाठी कमाल अश्वशक्ती नमूद असते. याच लांबीच्या आतील आउटबोर्ड नौका पाण्याने भरल्यावरही आडव्या पातळीत तरंगत राहिल्या पाहिजेत. या गुणाचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टन व्हेलरचे निर्माते रिचर्ड फिशर यांनी १९६१ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकातून घडवले होते. त्यांनी आपली फेसभरित नौका पाण्यातच करवतीने कापली आणि तिचा अर्धा भाग तरंगत राहिला.

अनेक डेक बोटी २० फुटांपेक्षा लांब असल्याने या दोन्ही अटी त्यांना कायद्याने लागू होत नाहीत. अशा नौकेवर आसने जितकी, तितके प्रवासी सुरक्षितपणे नेता येतील असा समज होण्याचा संभव असतो. नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही उत्पादकांची संघटना अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांवर आधारित प्रमाणपत्र देते. नौका प्रमाणित आहे का आणि निर्मात्याने लेखी भारमर्यादा दिली आहे का, हे म्हणून स्वतंत्रपणे तपासावे लागते.

भार किती आहे यासोबत तो कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. डेक बोटीची पुढील बैठक आकर्षक असते आणि बहुतेक प्रवासी तेथे जमतात. वेगात नाळ उचललेली असते. अचानक थ्रॉटल कमी केल्यास ती खाली बसते आणि दुसऱ्या नौकेची किंवा स्वतःचीच लाट तीवरून आत येऊ शकते. म्हणून नाळेची पाण्यापासूनची उंची पुढील आसने भरलेली असताना मोजली जाते. डेकवर आलेले पाणी बाहेर टाकणारी छिद्रे पुरेशी मोठी आहेत का आणि मागे प्रवासी बसल्यावर ती जलरेषेच्या वर राहतात का, हेही पाहतात. नाळेवरून पाय बाहेर सोडून बसणे विशेष धोक्याचे आहे, कारण पडलेली व्यक्ती थेट नौकेखाली प्रोपेलरकडे ओढली जाते. मंद गतीत इंजिन चालू असताना मागील पोहण्याच्या फळीजवळ कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो.

नियम आणि वर्गीकरण

अमेरिकेतील वरील नियमांचा आधार १९७१ चा संघीय नौकासुरक्षा कायदा हा आहे. १ एप्रिल २०२१ पासून तेथे २६ फुटांपेक्षा लहान नौकांच्या चालकांनी प्लेनिंग करताना इंजिन बंद करणारी दोरी किंवा तत्सम साधन अंगाला जोडणे बंधनकारक आहे. चालक आसनावरून फेकला गेल्यास इंजिन आपोआप थांबते.

युरोपीय संघात २०१३ च्या मनोरंजन नौका निर्देशानुसार २.५ ते २४ मीटर लांबीच्या नौकांचे ‘ए’ ते ‘डी’ असे चार वर्ग केले जातात. ‘सी’ वर्ग बोफर्ट मापनातील ६ पर्यंतचा वारा व २ मीटरपर्यंतच्या लाटांसाठी आहे. ‘डी’ वर्ग ४ पर्यंतचा वारा व ०.३ मीटरपर्यंतच्या लाटांसाठी असून त्यात क्वचित ०.५ मीटरची लाट गृहीत धरलेली असते. एकाच नौकेला वेगवेगळ्या वर्गांसाठी वेगवेगळी प्रवासीसंख्या दिली जाऊ शकते. पाणी जितके खवळलेले, तितके प्रवासी कमी हे तत्त्व त्यातून थेट व्यक्त होते.

अन्य नौकांशी तुलना

पँटून नौका तुल्य लांबीत अधिक स्थिर व प्रशस्त असते, तर डेक बोट सामान्यतः वळणात आत झुकते आणि पाण्यावर स्की खेळण्यास सोयीची ठरते. मात्र तीन नळ्यांच्या आधुनिक पँटून नौकांनी वेगातील हा फरक बराच कमी केला आहे. बोरायडर प्रकारच्या नौकेची नाळ निमुळती असल्याने ती लाटा अधिक सहज कापते, परंतु तिच्या पुढील भागात मोजकेच प्रवासी मावतात. मध्यभागी सुकाणूस्थान असलेल्या मासेमारी नौका उघड्या समुद्रासाठी अधिक योग्य असतात; त्यांत सावली व बैठक कमी असते. डेक बोटीची निवड म्हणूनच ती कोणत्या पाण्यात आणि किती माणसांसह नेहमी चालवायची आहे, या दोन गोष्टींवर अवलंबून असते.